बाळगोंडा पाटलांच्या नावाआधी

"काय वो सुमतीबाई, मी कवा मेलो तेवढं सांगा की."

बाळगोंडा पाटील उंबऱ्यातच उभे होते. त्यांनी काठी दाराच्या चौकटीवर आपटली आणि हातातली लग्नपत्रिका माझ्या टेबलावर फेकली. पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं होतं. म्हणजे बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, देवापुढं ठेवलेली पहिली पत्रिका.

"बस्तीत भगवंतापुढं ठिवली. उपाध्ये म्हनला, मोठ्यानं वाचतो. वाच म्हनलं. मी हात जोडून हुबा. आन त्यो वाचतोय, कैलासवासी बाळगोंडा आदगोंडा पाटील! वाचलं आन माज्याकडं बगाय लागला. सगळी बस्ती माज्याकडं बगाय लागली!"

मी पत्रिका उचलून खिडकीच्या उजेडात धरली. छापलेली अक्षरं मला स्वच्छ दिसत होती. वरच्या ओळीत 'कै. बाळगोंडा आदगोंडा पाटील' आणि खालच्या ओळीत 'श्री. नेमगोंडा आदगोंडा पाटील'. नेमगोंडा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेलेल्याला मी उठवून बसवलं होतं आणि समोर काठी आपटत उभ्या असलेल्या माणसाला पोचवलं होतं.

"चूक झाली पाटील," मी म्हटलं. "माझीच चूक. पत्रिका वाटल्या का?"

"वाटतोय कशाला! गठ्ठा तसाच हाय घरात."

"मग सगळ्या बदलून देते. शनिवारी घेऊन जावा."

"आन बस्तीत लोकांनी ऐकलं, ते कसं बदलून देनार?"

मी पत्रिका खाली ठेवली. एवढं भांडण मी निभावून नेलं असतं. शिरटीच्या पाटलांचा राग मला नवा नव्हता. त्यांच्या घरातल्या चार लग्नांच्या पत्रिका मीच केल्या होत्या आणि चारही वेळा ते असेच येऊन ओरडून गेले होते. अजून दोन वाक्यं ओरडले असते, मी चहा टाकला असता, आणि 'जिवंतपणी मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं' असं म्हणून त्यांचे ते हसले असते.

तेवढ्यात आतून माझा मुलगा आला. अभिनंदन त्याचं नाव. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, शनिवार-रविवारसाठी आला होता. त्यानं पाटलांसमोर हात जोडले.

"काका, बसा. रागावू नका. आईचे डोळे गेलेत हो आता. तिला काही दिसत नाही. आम्ही तिला पुण्याला नेणारच आहोत. हे तिचं शेवटचंच काम."

पाटलांची वर गेलेली काठी खाली आली.

"डोळं गेल्यात? आरं, मग आदी सांगायचं न्हाई का रं? मी उगंच बाईमानसावर आवाज चढिवला." त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या चष्म्याकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या बाई. पत्रिका आमी सांगलीत करून घेतो. तुमी जिवाला जपा."

"शनिवारी या," मी म्हटलं. "पत्रिका तयार असतील."

त्यांनी नुसती मान हलवली आणि काठीचा आवाज न करता गेले. मला माणसानं शिवी दिलेली चालते. बिचारी म्हटलेलं चालत नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुला कुणी विचारलं होतं?" मी अभिला म्हटलं.

"आई, मी तुला वाचवलं."

"कुणापासून? बाळगोंडा पाटलांपासून? त्यांना मी तू शाळेत जायच्या आधीपासून ओळखते."

"तेच म्हणतोय. किती वर्षं केलंस. आता बास की."

माझा धंदा काय तो सांगायला हवा. मी जयसिंगपुरात घराच्या पुढच्या खोलीत लग्नपत्रिकांचं डीटीपी करते. म्हणजे मजकूर घ्यायचा, पान लावायचं, प्रूफ दाखवायचं आणि छापखान्याला पाठवायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. आमच्या भागात पत्रिकेवरची नक्षी कुणी बघत नाही. आपलं नाव कुठं आलंय ते बघतात. थोरल्याच्या वर धाकटा गेला, एखादा मामा राहिला, जावयाच्या नावापुढं त्याचा हुद्दा आला नाही, की भर मांडवातून ताट सोडून उठणारी माणसं आहेत ही. मजकूर घेतानाच मी विचारायची, आत्यांची घरं धरली का? दत्तक गेलेला भाऊ कुठल्या बाजूला घ्यायचा? बोलणं बंद असलेल्या काकांचं नाव घालायचं की नाही, आणि नाही घातलं तर मांडवात काय होईल याचा विचार केलाय का? कितीतरी घरांतली भांडणं माझ्या टेबलावर मिटली आहेत. लोक म्हणायचे, सुमती मगदूमकडं पत्रिका दिली की मांडवात शांतता. हे मी कौतुक म्हणून नाही सांगत. होतं ते सांगते.

तर त्या वर्षी गुढीपाडव्याला अभिनं मला लॅपटॉप आणला. चंदेरी, हातात घेतला तर वहीएवढा हलका. मी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. जुना कॉम्प्युटर त्यानं त्याच दिवशी गाडीत घालून नेला, बदल्यात सूट मिळते म्हणून. दुसऱ्या दिवशी मी माझं मराठीचं सॉफ्टवेअर उघडलं आणि बघतच राहिले. वरची चिन्हं खसखशीएवढी. मजकूर टाईप करायची चौकट काड्यापेटीएवढी, आणि त्यात अक्षरं कसली, मुंग्यांची रांग.

पान मोठं करून बघता यायचं. पण मोठं केलं की एका वेळी दोन-तीन नावं दिसायची, आणि कोण कुणाच्या वर आहे हे कळायला सबंध पान समोर लागतं. सबंध पान आणलं की पुन्हा मुंग्या. मी सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करून बघितली. बाकी सगळं मोठं झालं, माझं सॉफ्टवेअर तेवढं जागचं हललं नाही.

अभिला फोन केला.

"आई, हाय रिझोल्यूशन स्क्रीन आहे ती," तो म्हणाला. "जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर असंच दिसणार. तू बघितलंस ना, बाकी सगळं मोठं झालं, हे नाही झालं. म्हणजे नाहीच होत. याला इलाज नाही."

"मग माझा जुना कॉम्प्युटर आणून दे."

"तो तेव्हाच बदल्यात देऊन टाकला. आणि आई, तुझं वयही झालंय हे धरायला हवं ना?"

आमचे हे एसटीतून निवृत्त झालेले, दिवसभर पेपर वाचणारे. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

मी सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी थेंब घातले, दिवे मारले, चष्म्याचा नंबर थोडासा बदलून दिला आणि म्हणाले, "वयाच्या मानानं डोळे चांगले आहेत तुमचे, काकू." हे मी घरी येऊन सांगितलं तर अभि फोनवर म्हणाला, "डॉक्टर धीर द्यायला बोलतात तसं." दोघा बापलेकांचा माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता, माझ्यावर नव्हता आणि डॉक्टरवरही नव्हता. हळूहळू माझाही उडाला. मी ह्यांचं पेपर वाचायचं भिंग घेतलं आणि एका हातात भिंग, एका हातात माऊस असं काम करायला लागले. संध्याकाळी मान अशी दुखायची की भाकरी थापायला वाकता यायचं नाही. अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर गेलं. रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, आपलं संपलं.

आणि याच दिवसांत पुण्याला जायचं ठरलं. कुणी ठरवलं? मला आजतागायत माहीत नाही. अभिची बायको ऋतुजा, तीही पुण्यातच नोकरीला. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. अभि एकदा म्हणाला, "आई, तशीही तू आता काम करू शकत नाहीस, तर..." मग पुढच्या वेळी तो म्हणाला, "तुम्ही आलात की..." आणि त्याच्या पुढच्या वेळी ह्यांनी पुण्यातल्या खोलीत आपलं कपाट कुठं बसेल ते फोनवर विचारलं. मुकी बिचारी कुणीही हाका. मी, जी गावातल्या प्रत्येक चुलत्याला विचारून नाव लावते, त्या मला कुणी विचारलंच नाही.

बाळगोंडा पाटलांची पत्रिका म्हणजे त्या काळातलं काम. मी ती नीट लावली होती. वर 'कै. नेमगोंडा', खाली 'श्री. बाळगोंडा'. प्रूफ बघायला पाटील स्वतः आले आणि अडून बसले. "हयात मानसांत मी थोरला. माजं नाव वर पायजे." मेलेल्या भावाच्या वर नाव हवं होतं त्यांना. मी म्हटलं, गेलेल्यांचा मान पहिला असतो. ते म्हणाले, "गेल्याला लोक विचारत न्हाईत, मला विचारत्यात." मग मी भिंग घेऊन बसले आणि त्या काड्यापेटीत नावांची अदलाबदल केली. नावं हलली. पुढचं 'कै.' आणि 'श्री.' जागेवरच राहिलं. त्यांनी वरची जागा मागितली ती भावाच्या 'कै.'सकट मिळाली. बदललेलं प्रूफ त्यांच्या घरात पाटील सोडून सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं, नेहमीसारखं प्रत्येकानं आपापलं नाव बघितलं आणि होय म्हणून सांगितलं.

अभि रविवारी पुण्याला परत गेला. पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येणार होता, आम्हाला न्यायला. सोमवारपासूनच मला गावात कळायला लागलं की काय झालंय. भाजीवाली म्हणाली, "काकू, सुट्टे मी मोजून देते, तुमी ऱ्हाऊ द्या." मेडिकलवाल्यानं औषधाच्या पाकिटावर स्केचपेननं मोठा आकडा घातला. चिपरीच्या एका घरानं मजकूर दिला होता, त्यांचा माणूस येऊन कागद परत घेऊन गेला. त्यानं कारण सांगितलं नाही, पण जाताना माझा हात धरून मला पायरीवरून मागं केलं. मी पडेन म्हणून! माझ्या घराच्या पायरीवरून!

मंगळवारी ऋतुजा आली. बाळाला घेऊन माहेरी निपाणीला गेली होती, तिथून आमच्याकडं. सामान बांधायला मदत करायला म्हणून आली होती. दुपारी मी पाटलांची पत्रिका दुरुस्त करत बसले होते. भिंग, माऊस, नाक पडद्याला. ती बाळाला मांडीवर घेऊन शेजारच्या खुर्चीवर बसली आणि बाटलीनं दूध पाजायला लागली.

"आई, हे असं का ठेवलंय तुम्ही?"

"काय कसं ठेवलंय?"

"एवढं बारीक."

"हौस म्हणून," मी म्हटलं. मला आता सुनेकडूनही ऐकायचं नव्हतं.

"नाही, म्हणजे अभिनं तुम्हाला नाही का करून दिलं? माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला असंच व्हायचं. आमचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, ते नव्या लॅपटॉपवर असंच मुंगीएवढं दिसायचं. त्यानंच करून दिलं मला. माऊसची उजवी कळ दाबून कुठंतरी एक टिक मारायची असते."

मी भिंग खाली ठेवलं.

"कधी करून दिलं?"

"मी घरून काम करत होते तेव्हा. डोहाळजेवणाच्या आधी."

डोहाळजेवण माघात होतं. पाडवा त्यानंतरचा.

ती बोलता बोलता थांबली. तिच्याही लक्षात येत होतं, मला दिसत होतं तिच्या तोंडावर. हुशार मुलगी आहे. तिनं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा भिंगाकडं आणि मग दाराशी बांधून ठेवलेल्या माझ्या ट्रंकेकडं.

"तो तर मला म्हणाला की आईच म्हणतायत, आता काम होत नाही, बाळाकडं येते."

"मला म्हणाला की याला इलाज नाही."

बाळ दूध ओढत होतं. मी माऊस बाजूला सारला.

ऋतुजानं बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि लॅपटॉप आपल्याकडं ओढला.

"सोमवारी मला जॉइन व्हायचंय, आई," ती म्हणाली. "हे करून दिलं की तुम्ही येणार नाही. मला कळतंय."

"मग कशाला करतेस?"

"तुम्ही माझ्यासाठी येताय असं मला वाटत होतं. तुम्हाला आंधळं करून आणतायत हे माहीत नव्हतं."

तिनं माझं सॉफ्टवेअर बंद केलं, त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबली, खालची ओळ उघडली, दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि पुन्हा सुरू केलं. बाटलीतलं दूध अजून संपलं नव्हतं. पडद्यावर सबंध पान आलं, आणि चौकटीत अक्षरं आली हरभऱ्याएवढी. कडा थोड्या पुसट होत्या. पण मी खुर्चीला पाठ टेकून बसले होते आणि पहिल्या नावापासून शेवटच्या मामापर्यंत सगळं वाचत होते. मग मात्र मला रडू आलं. बाळाच्या टोपड्यावर पडत होतं ते पाणी. ऋतुजानं बाळ उचलून घेतलं नाही, मला रडू दिलं.

"मी बोलू त्याच्याशी?" तिनं विचारलं.

"नको. माझं भांडण आहे. तू फक्त ती टिक काढायची कशी आणि परत घालायची कशी ते मला शिकव."

शनिवारी अभि सकाळीच गाडी घेऊन आला. पाटलांना मी त्याच वेळेला बोलावलं होतं. नव्या पत्रिकांचे गठ्ठे टेबलावर बांधून ठेवले होते. पाटील आले ते दबकत, आजाऱ्याच्या घरी यावं तसे. मी आधीच टिक काढून ठेवली होती आणि जुनी, चुकलेली पत्रिका पडद्यावर उघडून ठेवली होती. पुन्हा खसखस, पुन्हा मुंग्या.

"अभि, इकडं बस. पाटील पत्रिका न्यायच्या आधी एकदा वाचून दाखव. माझे डोळे गेलेत ना."

"आई, छापून झाल्यावर काय वाचायचं आता? उशीर होतोय, ट्रॅफिक लागेल."

"पाटलांच्या समाधानासाठी वाच."

तो बसला. आधी ऐटीत मागं रेलून बसला, मग पुढं सरकला, मग कोपर टेबलावर टेकलं. चौतिशीतले, बिनचष्म्याचे डोळे त्याचे. त्याचा हात माऊसकडं गेला.

"मोठं करायचं नाही," मी म्हटलं. "सबंध पान समोर ठेवून वाच. मी तसंच वाचते."

"श्री. बाळगोंडा आदगोंडा पाटील," तो वाचायला लागला. "श्री... नाही, कै. नेमगोंडा आदगोंडा पाटील..." आणि तसाच पुढं निघाला.

"थांब," पाटील म्हणाले. "माज्या नावाच्या आदी काय हाय?"

"श्री. आहे, काका."

"नीट बग."

त्याचं नाक पडद्याला लागायचं बाकी होतं. "श्री.च आहे."

मी पुढं होऊन पान मोठं केलं. मोठं होत होत एकच ओळ पडद्यावर राहिली. कै. बाळगोंडा आदगोंडा पाटील.

अभि खुर्चीतच मागं सरकला. मग पाटील जोरात हसले, त्यांना खोकल्याची उबळच आली.

"आरं! तू बी मारलास मला! तुजं डोळं तर हिच्यापरीस गेल्यात की रं! हिला तू पुन्याला न्हेतोस, तुला कोन न्हेनार?"

मी सॉफ्टवेअर बंद केलं, टिक घातली, पुन्हा उघडलं. अक्षरं हरभऱ्याएवढी झाली. पाटील होते तिथूनच म्हणाले, "आता हितनं दिसतंय."

"अभि, ही टिक तुला माहीत होती की नव्हती?"

त्यानं ऋतुजाकडं बघितलं.

"तिच्याकडं बघू नकोस. मी विचारतेय."

"माहीत होती, म्हणजे... मी करणारच होतो. वेळ मिळाला नाही."

"दोन मिनिटांचं काम होतं. तेवढ्यात बाळाची बाटली संपली नाही."

"आई, तू कधी ऐकतेस का कुणाचं? नुसतं ये म्हटलं असतं तर आली असतीस?"

"तू म्हटलं होतंस का?"

तो गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवायला लागला.

"एकदा विचारून बघायचं होतंस. आई, आमची अडचण आहे, ये, एवढं म्हणायचं होतंस. कदाचित मी आलेही असते. तू विचारलंच नाहीस. तू मला माझ्याच डोळ्यांची भीती घातलीस. महिनोन् महिने मी रात्री देवाला म्हणत होते, जे काय घालवायचं ते घालव, पण डोळे नको. तेव्हा तू पुण्यात झोपला होतास, टिक माहीत असून."

"जाऊ दे गं," आमचे हे दारातून म्हणाले. "तो मला म्हणाला होता, करता येईल काहीतरी, पण आईला आत्ता सांगू नका म्हणून. त्याच्या मनात वाईट नव्हतं."

मी वळून बघितलं. माणूस हातातल्या चहाच्या कपाकडं बघत होता. मी भिंगानं मान मोडून घेत होते तेव्हा हे मागं बसून पेपर वाचत होते. अंगण वाकडं म्हणत होते.

"तुमचं कपाट तुम्ही पुण्याला घेऊन जावा," मी म्हटलं. "तुमच्यासकट."

"आई, सगळं ठीक आहे," अभि म्हणाला, "पण सोमवारी बाळाचं काय?"

"रजा टाक. बाळाला सांभाळायला बारीक अक्षर वाचावं लागत नाही."

"माझी रजा? ऋतुजा, तू तरी सांग."

ऋतुजा उठली. तिनं बाळ त्याच्या हातात दिलं, दुधाची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

"मी सोमवारी जॉइन होतेय," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

पाटील पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून उंबऱ्यापाशी थांबले. "सुमतीबाई, तुमचं डोळं गेलं म्हनून मी गावभर सांगितलंय. आता उलटं सांगाय लागंल."

"सांगा," मी म्हटलं. "मोठ्यानं सांगा. बस्तीतसुद्धा सांगा."

त्यांनी सांगितलं. चिपरीचा माणूस कागद घेऊन परत आला, आणि पायरीवर माझा हात न धरता उभा राहिला. आमचे हे पंधरा दिवस पुण्यात राहिले आणि कपाटासकट परत आले. अभिनं रजा काढली, मग पाळणाघर बघितलं. त्याचं काही अडलं नाही. आम्ही बोलतो, सणाला एकत्र जेवतो. तो कधी कधी म्हणतो, "आई, अजून तेच धरून बसलीयेस?" मी हो म्हणते. लोकांना वाटतं, आईचा राग म्हणजे दुधाचा ऊत, फुंकर घातली की खाली बसतो. माझा बसला नाही. बाळगोंडा पाटील अजून हयात आहेत, माझा रागही आहे.

गेल्या दिवाळीत अभि ओसरीवर बसला होता. आता चाळिशी ओलांडलीय त्यानं. मोबाइल हातभर लांब धरला होता, मग जवळ आणला, परत लांब धरला, डोळे बारीक केले.

"आई, हे काय लिहिलंय बघ ना जरा. अक्षरं फार बारीक येतात हल्ली."

मी चकलीचा सोऱ्या खाली ठेवला, हात पुसले आणि मोबाइल घेतला. मला अक्षरं दिसत होती. वाचून दाखवता आलं असतं. याला इलाज नाही, वय झालं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. मी सेटिंगमध्ये गेले, अक्षरं मोठी केली आणि मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

"दिसतंय?"

"दिसतंय की. स्वच्छ."

"दोन मिनिटंही लागली नाहीत बघ," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली नाही. मोबाइलमध्ये तोंड घालून तो बराच वेळ तेच वाचत बसला.